सर्दीच्या गोळ्या आणि झोपलेला संघ

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी केडगावच्या एका शाळेत व्यायामशिक्षिका होते. माझं सगळं औषधशास्त्र पत्र्याच्या एका पेटीत मावायचं: आयोडीन, कापूस, पट्ट्या, बाम, डोकेदुखीच्या गोळ्या. मुलीला दमा असला किंवा फिट येत असली तर आईबाप सांगत नसत. पुढं लग्नाला अडचण नको. आपणच ओळखायचं.

आमच्या खो-खोच्या संघात मुलींनी स्वतःच एक नियम केला होता. बोरं असोत की शेंगदाणे, एकटीनं खायचं नाही.

नगरला सामना होता आणि त्यातूनच जिल्ह्याचा संघ निवडणार होते. आमच्या कप्तान मुलीला नेमकी सर्दी झालेली. तिचे वडील मैदानाच्या कडेला सायकल धरून उभे होते. शेतकरी माणूस, शब्दाचा पक्का. मला आधीच म्हणाले होते, "निवड झाली तर मॅट्रिकपत्तुर शिकंल. न्हाई तर शाळा बास."

नाणेफेक हरलो, पाठलाग आमच्याकडे आला. आठ जणी चौकोनांत बसल्या. नववी कप्तान पाठलागाला. तिनं पहिलीला खो दिला, ती उठेचना. दुसरीनं जांभई दिली. तिसरी उठली आणि भलतीकडेच पळाली.

"अंथरुनं घाला रं पोरींना," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

पाळी संपताच मी एकीला दंडाला धरलं. "काय खाल्लंत गं?"

"सर्दीच्या गोळ्या, बाई. डॉक्टरांनी हिला पुडीत दिल्या होत्या."

"सर्दी हिला. तुम्ही कशाला खाल्ल्या?"

"एकटीनं कसं खायचं? आणि आम्हालाही लागली असती की."

त्या गोळीनं नाक कोरडं होतं आणि डोळे मिटतात. डॉक्टरांनी ती रात्री झोपताना घ्यायला सांगितली होती. गुंगीवर माझ्या पेटीत काही नव्हतं. तोंडावर पाणी मारायला लावलं, कोरा चहा पाजला.

"आणि तू किती घेतल्यास?" मी कप्तानाला विचारलं.

"मला उरलीच नाही, बाई." नाक गळत होतं, पण डोळे टक्क उघडे.

मग तिनं एकटीनंच सामना ओढला. पळतीला उतरली ती शिंकत शिंकत पाळी संपेपर्यंत हाती लागली नाही. पाठलागात बाकीच्यांना खो देणं म्हणजे भिंतीला खो देणं, म्हणून जमेल तितकं स्वतःच पळाली. सामना हरलोच. निवडणाऱ्यांनी आमच्या संघातून एकच नाव घेतलं, तिचं.

वडील सायकल ढकलत माझ्यापर्यंत आले. "बोललो ते बोललो, बाई. शिकंल ती."

"बरं झालं."

"पन सर्दीचं काय करायचं आता?"

"मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, आणि भरपूर झोप."

त्यांनी सावलीत आडव्या झालेल्या माझ्या संघाकडं पाहिलं. "गुळन्या करंल," ते म्हणाले. "झोपंचं ऱ्हाऊ द्या."