भावजींच्या खोलीतली रेघ

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. भिंत ओली झाली की लोक भानामती म्हणतात, मी म्हणतो — पाइप फुटला! घरात ओल किती मुरलीय, खोली राहण्याजोगी आहे की नाही, हे सांगणं हाच माझा म्हैसूरमधला धंदा. तेव्हा पुढचं वाचून हसायचं तर खुशाल हसा... मीही आधी हसलोच होतो.

माझी थोरली बहीण सुमतीअक्का इथंच, म्हैसूरच्या नझरबाद भागात राहते. भावजी अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या पलंगामागची भिंत ऐन उन्हाळ्यात ओली झाली. वरची गच्ची कोरडी, भिंतीत नळ नाही. आमची एक पद्धत असते — ओलीच्या कडेवर पेन्सिलीनं रेघ मारायची, खाली सही करायची. ओल रेघेच्या वर गेली की खोली रिकामी! मी पलंगाच्या पायाशी रेघ मारून आलो.

पुन्हा गेलो तर ओल गादीपर्यंत. आणि माझी रेघही गादीपर्यंत! सहीसकट. जुन्या जागी खूणसुद्धा नाही.

"अक्का, ही पुसून कुणी मारली?"

"अय्यो, मला वाकता तरी येतं का रे?"

मी पडलो नाटकी माणूस. छिन्नी आणली, गिलाव्यात रेघ कोरली, भिंतीला म्हटलं, "आता चढव बघू!"

चढली.

मी भावजींच्या हातापाया पडलो — मुलाकडे बंगळूरला चला. ते मिश्किल हसले. "भरत, बिडप्पा... सोड रे ते! ओलीनं रेघ ओलांडली का? नाही ना? नियम तुझाच. मी इथंच."

रेघ उशीला टेकली त्या सकाळी भावजी गेले.

बाराव्याला मी भिंतीला ओल मोजायचं मीटर लावलं. खडखडीत कोरडी! ओल वाळली की पांढरे क्षार उरतात, गिलावा फुगतो... इथं काही नाही. कोरलेली रेघ मात्र पुन्हा पलंगाच्या पायाशी.

अक्का आता त्याच पलंगावर झोपते. खोली बदल म्हटलं की, "सुम्ने, गप बस रे, त्यांची जागा आहे ती."

परवा तिचा फोन आला. "भरत, ओल परत आलीय, रेघ गादीला लागली बघ. पण ओल वर नाही हं गेली!"

मीटर घेऊन गेलो. कारण तेव्हाही सापडलं नव्हतं, आताही नाही. अक्का माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि माझ्याच नियमानं खोली अजून राहण्याजोगी होती.