सळयांना पाजलेलं पाणी

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. होळीच्या सुमारास अहेरीपुढच्या जंगलात, एका मुलींच्या आश्रमशाळेसाठी जमिनीखालचं पाणी हुडकायला गेलो, तेव्हा माझं डोकं आधीच तापलेलं होतं. रस्त्यानं हाडं खिळखिळी केली होती. विहीर आटलेली, बोअर एकच मंजूर, मशीन उद्या येणार. ती कोरडी गेली तर पोरींना घरी धाडायचं ठरलेलं. मुख्याध्यापिका बाई मला म्हणाल्या, "साहेब, एक डाव घरी गेलेली पोरगी परत येत नाई. मायबाप लगन लावून देतेत."

आमचं काम असं: जमिनीत ओळीनं चार सळया ठोकायच्या, बाहेरच्या दोन्हींतून वीज सोडायची, आणि जमीन तिला किती अडवते तो आकडा आतल्या दोन्हींवर मोजायचा. आकडा घसरला की खाली खडकाला भेगा, आणि भेगांत पाण्याची आशा. सगळं रान मोजत बसलो असतो तर बॅटरीनं राम म्हटला असता. म्हणून आधी लांब लांब मोजलं, आणि आकडा घसरला तिथंच जवळ जवळ. दोन जागा निघाल्या. एक स्वयंपाकघरामागं, दुसरी खो-खोच्या मैदानापलीकडं. सगळ्यांना पहिलीच आवडली, मलाही.

तरी खात्रीसाठी तिथं सळयांची अदलाबदल केली. बाहेरच्यांचं काम आतल्यांना, आतल्यांचं बाहेरच्यांना. आकडा तोच यायला हवा, आला भलताच. मुरूम वाळून खडखडीत झालेला, सळया जमीन धरतच नव्हत्या. अशा वेळी त्यांच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतावं लागतं. आता पाणी शोधायला आलेल्यानं पाणी कुठल्या तोंडानं मागावं? मुरमाला चार शिव्या हासडल्या आणि मागितलं.

बाईंनी पोरींच्या पिण्याच्या पाण्यानं भरलेला पितळी गुंड उचलून आणून पुढ्यात ठेवला. मिठाची मूठही त्यांनीच आत सोडली.

ओतलं. स्वयंपाकघरामागचा आकडा पार वर चढला, तिथं नुसता कातळ होता. मग मैदानापलीकडं सरळ मोजलं, उलटं मोजलं. आकडा तोच! इकडून विचारा नाहीतर तिकडून, भुईचं उत्तर एकच. हा नियम मी कॉलेजात घोकला होता, पण त्या दिवशी भर उन्हात अंगावर काटा आला. कुणी कधी न पाहिलेल्या त्या अंधारात इतकी नेकी असते? मी चक्क खाली बसून मातीवर हात ठेवला. सोबतचे हसले. हसेनात का.

दुसऱ्या दिवशी तिथंच मशीन लावलं. बराच वेळ नुसती पांढरी भुकटी उडत राहिली. मग भुकटी ओली झाली, आणि राखाडी पाणी झाडाएवढं उसळलं. पोरी भिजायला धावल्या. बाई कुठं दिसेनात, म्हणून मी वळून पाहिलं. पोरींच्या पत्र्याच्या पेट्या घरी न्यायला दोरीनं बांधून ओसरीवर रचून ठेवल्या होत्या. बाई खाली बसून एकेका पेटीची दोरी सोडत होत्या.