इंजिनाच्या जागचा ठिपका

कोल्हापुरात कुणीही जड वस्तू चुकीच्या जागी ठेवली, की तिचं दुःख माझ्या थोरल्या साडूंना, अण्णांना होतं. सायकलच्या एकाच बाजूला गॅसची टाकी अडकवून चाललेला माणूस दिसला, तर अण्णा रिक्षा थांबवून उतरत, त्याला समजावत, आणि रिक्षावाला आम्हा दोघांना वेड्यात काढे.

त्यांचा आजार नोकरीतून आलेला. शिरोली एमआयडीसीतल्या ज्या ऑफिसात मी खरेदी बघतो, तिथेच ते डिझाइनला होते. जनरेटरखालची लोखंडी चौकट बनवण्याआधी ती थरथरून तुटेल का, हे संगणकावर बघायचं. वरचं इंजिन अख्खं कुणी काढत बसत नाही; त्याच्या जागी एक ठिपका ठेवतात आणि त्याला इंजिनाचं वजन देतात. नवी मुलं तेवढ्यावर थांबत. इंजिन कलंडायला, फिरायला किती विरोध करेल, त्या जडत्वाचे रकाने तसेच शून्य ठेवून मोकळी होत. मग अण्णा शेजारी खुर्ची ओढून बसत. "इंजिन हाय म्हणतोस, आणि कलंडवलं तर त्याची कायच हरकत न्हाय व्हय?" इंजिन बनवणाऱ्यानं आकडेच दिले नाहीत, असं मुलं सांगत. अण्णा मला दोर आणायला पिटाळत, ते धूड तीन दोरांवर आडवं टांगत, हलकेच पिळून सोडत आणि ते किती सावकाश मागेपुढे फिरतं त्यावरून आकडे काढत.

एका दिवाळीत सासुरवाडीला झोपाळ्याच्या कड्यांना त्यांनी पाटाही तसाच टांगला. मी खाली उशी धरून उभा. सासूबाई वाटणाचा मसाला घेऊन आल्या. "पावणं," त्या म्हणाल्या, "झालं की सांगा. रस्सा थांबलाय."

दर पौर्णिमेला आम्ही माझ्या स्कूटरवरून नृसिंहवाडीला जायचो. नारळाची पिशवी हँडलला अडकवायची नाही, पायांमध्ये ठेवायची. वळणावर मी जिकडे झुकेन तिकडेच त्यांनी झुकायचं. त्यांच्यासारखा मागे बसणारा मला दुसरा मिळणार नाही.

मेहुणी गेल्या आणि अण्णा राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये एकटे पडले. रोज संध्याकाळी आमच्याकडे चहाला येत, अंधार पडला की उठत. बायको मला सारखी सांगायची, दाजींना इथंच राहायला बोलवा, तुम्ही म्हटलं तरच ऐकतील. मी उद्यावर ढकलायचो. वाटायचं, त्यांना ती कीव वाटेल. खरं तर मला शब्दच जुळवता येत नव्हते.

गेल्या महिन्यात त्यांची मुलगी त्यांना न्यायला बंगळुरूहून आली. गाडी आमच्या दारात, सामान चढलेलं. शेवटची बॅग हातात धरून अण्णा माझ्यासमोर उभे राहिले. मुलीनं दोनदा हाक मारली तरी गाडीत बसेनात. बायको दारातून माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "अण्णा, ती बॅग टपावर नको. खाली, सीटच्या पुढं ठेवा."

 त्यांनी बॅग खाली ठेवली.

"शिकलास की," म्हणाले, आणि बसले.

परवाच्या पौर्णिमेला वाडीला एकटाच गेलो. स्कूटर हलकी लागत होती. तरी प्रत्येक वळणावर मी ती दोघं बसल्याच्या बेतानंच वळवली.