लाल डब्यातला चौथा स्क्रू

"लाइन रोको! अबे रोको, एक बोल्ट ज़्यादा है!"

आमचे लाइन इन्चार्ज यादवजी असे ओरडले, की मानेसरपासून जयपूरपर्यंतचे ट्रक थांबले असतील. आमच्या कारखान्यात पद्धत अशी — प्रत्येक गाडीचे बोल्ट ट्रेमध्ये मोजून यायचे, गाडी पुढे सरकली की ट्रे रिकामा हवा. एक उरला म्हणजे कुठली तरी गाडी एका बोल्टशिवाय पुढे गेली. आणि उरला होता माझ्या ट्रेमध्ये.

आधीच सांगतो, भुतंखेतं, करणी, बाहेरचं... या सगळ्याची मी जन्मभर टिंगल केली आहे. शिवाय तिखटमीठ लावून सांगण्याबद्दल मी बदनाम आहे, तेही कबूल. पण या गोष्टीत मी काही घातलेलं नाही. थोडं गाळलं असेन.

तर माझा उजवा घोटा. स्कूटरवरून पडून त्याचा भुगा झाला, तेव्हा मी दिल्लीत केंद्र सरकारी नोकरीत होतो. डॉक्टरांनी चार स्क्रू घालून सांधा कायमचा बंद केला. म्हणाले, सहा महिन्यांत हाडं एकजीव होतील, मग दुखायचं कारणच नाही. तेव्हा नव्या गाड्यांच्या कंपन्या धडाधड येत होत्या, पगार ऐकून डोळे फिरायचे. मी डॉक्टरांच्या भरवशावर सरकारी खुर्ची सोडली, मानेसरच्या या कारखान्याच्या फॉर्मवर 'ऑपरेशन — नाही' असं ठोकून दिलं आणि लाइनवर उभा राहिलो.

हाडं काही एकजीव झाली नाहीत. पाय टेकला की घोट्यात कुणीतरी ड्रिल चालवायचं. मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत लिफ्ट नव्हती; तिसऱ्या मजल्यावर मी बसून, उलटा, एकेक पायरी सरकत चढायचो. माझ्या कण्हण्याला कंटाळून खालच्या मल्होत्रांचा कुत्रा घर सोडून गेला. (गेला हे खरं. कारण मी ठरवलंय.) लाइनवर मात्र आठ तास हसत उभा, कारण अजून कन्फर्म झालो नव्हतो. त्या हसण्यात दोन दाढा फुटल्या.

"सरकारी खुर्चीत पाय वर करून बसला असतात," बायको, सुनंदा, रोज शेक देताना म्हणायची.

तर तो बोल्ट. बारा गाड्या उघडून तपासल्या, एकही बोल्ट कमी नाही. यादवजींनी उरलेला उजेडात धरला. बारीक, लांब, अर्ध्यापर्यंतच आटे.

"ये तो हड्डी वाला पेंच है यार. मेरे ताऊ के कूल्हे में यही डला है." मग माझ्या पायाकडे बघत, "पाटणकर जी, आपका तो नहीं?"

सगळे हसले. मी एक्स-रे खिडकीला लावून तो स्क्रू दोन वर्षं रोज बघितला होता. आणि मी दोन्ही पायांवर उभा होतो... काहीच दुखत नव्हतं.

"मेरा कहाँ से होगा, यादव जी," मी म्हणालो.

स्क्रू नाकारलेल्या मालाच्या लाल डब्यात गेला, डब्याला कुलूप.

घरी मोजा काढला. ना भोक, ना रक्ताचा थेंब. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला — तीन स्क्रू. चौथ्याच्या जागी हाडात नुसतं काळं भोक. जुन्या फिल्मवर चार. डॉक्टर दोन्ही फिल्म उलटसुलट करत म्हणाले, "मशीन का फॉल्ट होगा."

अकरा दिवस मी तिन्ही मजले सरळ चढलो. सुनंदा दारात उभी राहून पावलं ऐकायची. पण खूश नव्हती.

"अहो, तो स्क्रू मागून आणा. तुमच्या अंगातली वस्तू आहे, अशी कुठेही पडू द्यायची नाही."

"मागितला की फॉर्म खोटा ठरला. कन्फर्म झाल्याचं पत्र आधी हातात पडू दे."

"आणि तोवर?"

"तोवर कुलपात आहे ना. कुठे पळतोय."

अकराव्या दिवशी दुपारी कन्फर्मेशनचं पत्र मिळालं. सही करत होतो आणि पेन सुटलं. पायात तापलेली सळई घातली कुणी. आधीचं दुखणं याच्यापुढे गुदगुल्या होत्या. जळत होतं ते बरोब्बर त्या रिकाम्या भोकात.

आज इतकी वर्षं झाली, तीन डॉक्टर झाले, आणखी एक ऑपरेशन झालं. आहेत ते तीन स्क्रू गप्प असतात, नाही तो जळतो. का, ते मला कुणी सांगितलेलं नाही, आणि मला स्वतःला सुचेल ते मी सुचू देत नाही.

त्या दुपारी भिंत धरत धरत मी स्क्रॅपच्या शेडपर्यंत गेलो होतो. रामफल नावाचा म्हातारा तिथलं बघायचा. लाल डब्बा कुठाय, विचारलं.

"वो तो सवेरे ट्रक में गया जी. भट्ठी में गल भी गया होगा अब तक." त्यानं माझ्या पायाकडे पाहिलं. "आपका कुछ था उसमें?"

पत्र खिशात होतं.

"नहीं," मी म्हणालो.