उष्टी हळद

बाळांनो, इकडे परदेशात केलीव्हिलच्या एका लग्नात नवरीची मैत्रीण भेटली. तिचं नाव विचारायचं राहिलं. रसायनांमुळे त्वचेला अ‍ॅलर्जी होते का, हे ती लॅबमध्ये तपासते. मी हळदीची वाटी उचलताच तिने पर्समधून हातमोजे काढून चढवले.

"आजी, थांबा! उद्या लग्न आणि आज हिला पुरळ उठलं तर? आधी टेस्ट हवी. दोन दिवस लागतील."

"अगं, ही उष्टी हळद. सकाळी नवऱ्याला लावूनच आणलीय."

ती तडक शेजारच्या खोलीत गेली आणि टॉर्च मारून नवऱ्याची मान, कान, कोपर तपासून आली.

"नो वरीज, लावा. पण आजी, आम्ही हल्ली उंदरांवरसुद्धा टेस्ट करत नाही. तुम्ही अजून नवरे वापरता?"

मी नवरीला हळद लावली. हा रिवाज नक्की एखाद्या मुलीच्या आईनेच पाडला असणार.