तामानी म्हणजे कधीतरी

आमच्या वहिनीला जपानी येतं, याचा घरात केवढा तोरा! धुण्याचा ढीग दिसला की ती म्हणायची, "यामा होदो!" म्हणजे डोंगराएवढं.

कारखान्यात मी पॅकिंगला, ती दुभाषी. जपानहून आणलेल्या प्रेस मशीनचा अहवाल ती दर आठवड्याला तिकडच्या कंपनीला धाडायची. मशीनवर मावशी बसायच्या, अख्ख्या कारखान्याच्या मावशी. हात आत असताना ठोकळा खाली येऊ नये म्हणून पुढे जाळी असते. ती अडकायची आणि ठोकळा तसाच आदळायचा. मावशी दर शनिवारी वहिनीला बजावायच्या, "अगं, सारखं होतंय. दिवसातून पाच-सहा वेळा. लिही बाई."

'सारखं'ला जपानीत सणसणीत शब्द आहे, शोच्च्यू. वहिनी तो लिहायची आणि साहेब खोडायला लावायचे. "ते लोक मशीन बंद करतील. मग माल कोण काढणार, तुमचे सासरे? तामानी लिहा." तामानी म्हणजे कधीतरी. उभ्या जपानी भाषेतला साहेबांना येणारा हा एकमेव शब्द! आणि वहिनी लिहायची. अकरा आठवडे.

मग व्हायचं तेच झालं. मावशींच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. साहेब म्हणाले, "लक्षच नसतं हो यांचं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या बाईने घसा कोरडा होईतो सांगितलं, तिचंच लक्ष नव्हतं म्हणे! चोराच्या उलट्या बोंबा.

जपानी इंजिनिअर तपासणीला आला. साहेबांनी वहिनीला दटावलं, "काय बोलायचं, माहीत आहे ना?" वहिनी मशीनपाशी गेली आणि सगळ्यांसमोर खणखणीत म्हणाली, "शोच्च्यू. माइनिची." सारखं. रोज. साहेब मात्र कान टवकारून तामानीची वाट बघत राहिले.

इंजिनिअरने बॅगेतून अकरा अहवाल काढले आणि एकेका तामानीवर बोट ठेवलं. वहिनीने त्याला जपानीत काय उत्तर दिलं, ते मला नंतर कळलं: "लिहायला यांनी लावलं. पण लिहिलं मीच."

त्याने मशीनची वीज तोडून लाल पट्टी लावली. साहेबांनी वहिनीला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. घरी तिचं कौतुक सुरू झालं, त्यात मीही होते.

संध्याकाळी आम्ही दोघी मावशींकडे गेलो. वहिनी इंजिनिअरला 'शोच्च्यू' म्हणाली आणि मशीन बंद झालं, हे सगळं त्यांनी ऐकून घेतलं, बँडेजचा हात मांडीवर नीट ठेवला.

"तो शब्द तुला आजच सुचला का गं?"

"नाही मावशी," वहिनी म्हणाली. "आधीपासून येत होता."