गेटमास्तर

चिटगुप्प्यात राजपाल मास्तरांना कुणी राजपाल म्हणत नाही. जन्मभर हायस्कुलात इंग्रजी शिकवलं आणि त्यातही ‘गेट’ या एका क्रियापदावर असा जीव, की नाव पडलं गेटमास्तर. परगावचा माणूस त्यांना रेल्वे फाटकावरचा नोकर समजे. मास्तर म्हणत, समजू दे! मिळणं, पोचणं, होणं, कळणं, उठणं. एकट्यानं एवढी कामं ओढणारं दुसरं क्रियापद दाखवा, मी मास्तरकी सोडतो.

मास्तरकी सुटली ती निवृत्तीनं. मग बायको, संध्याबाई, गेली आणि घर खायला उठलं. त्यात अलीकडं एक भीती मनात बसली होती. संध्याबाईंचा आवाज आठवेना. फोटो होते, साड्या होत्या. आवाज कुठंच नव्हता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

एका सकाळी जाडजूड कोश चाळताना ते ताडकन उठले. ‘गेट’ मुळात इंग्रजांचा नव्हेच! समुद्रापलीकडच्या उत्तरेकडच्या लोकांनी तो आणला. अर्थ, हाती लागणं. इंग्रजांचा स्वतःचा त्याच कुळातला शब्द मागं पडला, आणि उरला तो ‘फरगेट’सारख्या जोडशब्दांत. फरगेट, म्हणजे धरलेलं हातातून सुटणं. मास्तरांनी कोश मिटला.

बंगळूरला मुलीला, मैत्रेयीला, फोन लावला. “अप्पा, मीटिंग चालू हाय, सांच्याला बोलते.” जुना विद्यार्थी बालाजी चहाचं हॉटेल चालवतो, त्याला गाठलं. तो हसून म्हणाला, “सर, गिऱ्हाईक थांबलंय.” दोघांचंही काही चुकलं नव्हतं. तरी मास्तरांना फार एकटं वाटलं.

घरी न जाता ते शेजारच्या यल्लम्माच्या अंगणात टेकले. म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत होती. कानडी घरातली, संध्याबाईंची जिवाभावाची. तिनं गेट आणि फरगेट, सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“मग तुमचं काय सुटलं, अण्णा?”

मास्तरांचा बांध फुटला. “तिचा आवाज, अक्का. कितीबी केलं तर आठवंना झालाय.”

यल्लम्मानं शेंगा बाजूला सारल्या, पदर डोक्यावर घेतला आणि भिंतीकडं तोंड करून हेल काढला, “अवं, ऐकायलाव न्हवं? कवापासून बलवायले, भाकर निवायली की!”

तोच हेल, शेवटचा तोच वैतागलेला झटका. हुबेहूब संध्याबाई.

“आलो, आलो,” म्हणत मास्तर उठले, चपला पायांत सरकवल्या आणि लगबगीनं आपल्या दारापाशी गेले. दाराला कुलूप होतं, आणि किल्ली त्यांच्याच खिशात होती.